चिंचेखालचा थांबा

चिंच तुम्ही तोडलीत. नुसती चिंच तोडून भागलं नाही, तिच्या बुडाशी असलेली विहीर बुजवलीत, विहिरीवर मुरूम लोटलात, मुरुमावर डांबर ओतलंत आणि कडेनं लोखंडी कठडा ठोकून पाटी लावलीत की इथं गाडी थांबवू नये. हे कुणी केलं म्हणून विचारायला तानी गेली होती. एका साहेबानं दुसऱ्याकडं धाडलं. दुसरा म्हणाला, बाई, हे वरून आलंय. तानीनं मान वर करून बघितलं. छताला पंखा होता, तोही बंद.

आज त्याच बुजवलेल्या विहिरीपाशी तिच्या धाकट्या पोराचं, नविनचं, लगीन ठरायचं होतं.

रस्त्याच्या कडेला कुणी लगीन ठरवतं का, असं झरीच्या पाड्यावर चार तोंडांनी विचारून झालं होतं. पण इलाज नव्हता. नविनच्या शेठकडं गाड्या उभ्या होत्या आणि चालवायला माणसं नव्हती. मागच्या महिन्यात ड्रायव्हर मिळाला नाही म्हणून डहाणूचा चिकू पेट्यांतच नासला. फेकून दिला तेव्हा बकऱ्यांनीसुद्धा हुंगून सोडला. तेव्हापासून शेठ सुट्टीचं नाव काढू देईना. नविननं मग निरोप दिला, मी चिकू भरून अहमदाबादला निघतो, दुपारी हायवेला लागेन, तुम्ही थांब्यावर या. भाकरी खाऊ, तुम्ही ताडी पिऊन शब्द द्या, मी पुढं जाईन.

तो त्या जागेला अजून थांबाच म्हणायचा. सगळा पाडा म्हणायचा. थांबा गेला होता, नाव तेवढं राहिलं होतं.

तानी डोक्यावर भाकऱ्यांची टोपली घेऊन पुढं चालत होती. मागं लाहू, तिचा नवरा. गुडघे गेल्यापासून त्यानं गाडी सोडली होती, पण चालताना अजूनही वळणावर उजवा पाय दाबायचा, ब्रेक असल्यासारखा. त्याच्या खांद्यावर पोतं होतं आणि पोत्यात काळा दगड.

"आज तरी तो ठेवायचा घरी," तानी म्हणाली.

"गाडी उभी राहणार म्हटल्यावर टायरखाली दगड नको?"

"गाड्यांना ब्रेक असतात आता."

"ब्रेकवर भरोसा ठेवतो तो नवशिका," लाहू म्हणाला.

दगड थांब्यावरचाच. एका बाजूनं चपटा, दुसऱ्या बाजूनं टायरांनी घासून घासून गुळगुळीत झालेला. कितीक ड्रायव्हरांनी तो वापरला, वापरून पुन्हा चिंचेच्या मुळाशी ठेवला. बुलडोझर आला त्या दिवशी तानीनं तो उचलून घरी आणला आणि कपडे धुवायला ठेवला. चिंच उचलता आली नाही.

जगाला पुढच्या तपासणी नाक्याची ट्रकांची रांग म्हणजे कटकट होती, तानीला ती चैन होती. लाहू गाडीवर होता तेव्हा रांग पार चिंचेपर्यंत यायची. तो घरी येत नसे, वेळच नसे, पण रांगेत अडकला की तिचा व्हायचा. लांबून हॉर्न यायचा, एक लांब आणि दोन तोकडे. तानी चुलीवर तांदूळ टाकायची आणि भात उतरला की थोरल्या उमेशला काखेत मारून निघायची. उमेश पहिलं पाऊल टाकायला शिकला तो दोन टायरांमधल्या सावलीत. नविनचं बारसं झालं घरी, पण बापानं त्याला पहिल्यांदा बघितलं ते इथं, चिंचेखाली, ग्रीसनं माखलेले हात पाठीमागं लपवून. हात धुवेपर्यंत रांग पुढं सरकली, मागच्यांनी हॉर्न मारून कान किटवले, आणि एक सरदार ड्रायव्हर खाली उतरून त्या सगळ्यांवर ओरडला की गप बसा, माणसाला पोरगा झालाय. मग त्यानंच मुठीनं कांदा फोडून तानीसमोर ठेवला. दुसरं काही द्यायला नव्हतं त्याच्याकडं.

राजस्थानचे ड्रायव्हर विहिरीवर उघड्यानं आंघोळ करायचे. पाड्यावरच्या बायका लाजून लांबच्या वाटेनं पाण्याला जायच्या, आणि त्या लांबच्या वाटेवरून विहीर जास्तच चांगली दिसायची.

ड्रायव्हर आता मिळत का नाहीत, असं शेठ लोक विचारतात. अरे, ते उगवायचे इथं. पाड्यावरची पोरं केबिनमध्ये चढायची, काच पुसायची, गिअरला हात लावून शिव्या खायची. दोन पावसाळे गेले की त्यातला एखादा क्लीनर होऊन निघून जायचा आणि परत यायचा तो ड्रायव्हर होऊन, गळ्यात रुमाल, बोलण्यात निम्मी गुजराती. लाहू तसाच झाला. चिंच तोडली तेव्हा तुम्ही ही शाळाही पाडलीत. दारावर पाटी नव्हती म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

कठडा एका जागी तुटला होता. कुठल्याशा ट्रेलरनं धडक मारून पाडलेला तुकडा तसाच राहिला होता आणि आत मातीची जरा जागा उरली होती. तिथं गंजाडची माणसं आधीच येऊन बसली होती. नवरीची आई भिकी, मामा सुकऱ्या आणि मधे निलम, जिचं लगीन ठरायचं ती. सुकऱ्यानं ताडीचं मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीला टेकवलं होतं. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी एकाच मडक्यातली ताडी घेतली की शब्द झाला. मग आभाळ कोसळलं तरी मागं फिरायचं नाही.

उमेश मोटरसायकलवरून डहाणूहून आला. तिकडच्या शाळेत तो मास्तर होता. शर्ट इस्त्रीचा, कपाळाला आठी.

"आये, ही जागा आहे का? दंड करतील."

"बस. खालची माती तुझ्या ओळखीची आहे," तानी म्हणाली.

मग हॉर्न आला. एक लांब, दोन तोकडे. नविननं बापाचा हॉर्न उचलला होता, तसाच्या तसा. तानीचे हात आपोआप टोपलीवरचं फडकं सोडायला लागले. भिकीनं मात्र डोळे मिटून घेतले. तानीनं ते बघितलं आणि तिचे हात फडक्यावरच थांबले, कारण भिकीचं आणि तिचं एक गुपित होतं.

गाडी कठड्याच्या फटीतून आत घुसली. पुढचं तोंड मातीवर आलं, पण शेपूट बाहेरच राहिलं, डांबराच्या पांढऱ्या पट्टीला टेकून. नविन खाली उतरला. अंगाला चिकूचा गोडूस वास. लाहूनं वाकून टायरखाली दगड सरकवला आणि कंबर धरून उठला.

"आंघोळ केलीस का रे?" सुकऱ्यानं विचारलं.

"कुठं करू मामा? विहीर तुम्ही बसलाय त्याच्याखाली आहे."

सगळे हसले. निलमसुद्धा, तोंडाला पदर न लावता. तानीला ती पोरगी तिथंच आवडली, खरं तर आधीपासूनच आवडली होती.

भाकऱ्या वाटल्या. सुकटीची चटणी, उडदाचं वरण. नविन बाहेर राहिलेल्या गाडीच्या शेपटाकडं दर घासाला बघत होता. बाजूनं ट्रेलर गेला की जमीन हलायची आणि वरणावर सुरकुती उठायची. खाणं आटोपलं. सुकऱ्यानं मडक्याचं फडकं सोडलं, पळसाचे द्रोण मांडले आणि ओतण्याआधी सहज विचारल्यासारखं विचारलं,

"मग पोरगा गाडी कधी सोडतोय?"

लाहूला वाटलं त्याला ऐकू कमी आलं. "काय सोडतोय?"

"गाडी. ड्रायव्हरकी. सोडणार म्हणून तर आम्ही इथवर आलो."

"कोण म्हणालं सोडणार?"

 भिकीनं तानीकडं बघितलं. मग लाहूनं बघितलं. मग नविननं, आणि त्याचं बघणं तानीला सोसलं नाही.

"मी म्हणाले," तानी म्हणाली. "गंजाडला गेले होते तेव्हा. भिकी म्हणाली ड्रायव्हरला पोरगी देणार नाही. मी म्हणाले, सोडेल."

"मला न विचारता?" नविन म्हणाला.

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. तीन ठिकाणाहून नकार आलाय तुला. ड्रायव्हर म्हटलं की चहा निम्मा ठेवून उठतात लोक."

"आयेनं बरोबर केलं," उमेश म्हणाला. त्यानं हात पुसले, मास्तर बोलायच्या आधी पुसतो तसे. "आमच्या संस्थेत चौकीदाराची जागा आहे. मी शब्द टाकलाय. पगार कमी, पण घरी झोपायला मिळेल."

"चौकीदार," लाहू म्हणाला. "मिळालेली गाडी सोडून माणूस दरवाजा राखत बसेल."

"बा, तुझा काळ वेगळा होता. तू गावात आलास की पोरं मागं धावायची. आता काय आहे? दोन रात्री जागायचं, गोदामाच्या दारात दिवसभर उभं राहायचं, आतली मुतारी वापरायला दहा वेळा विनवणी. कुठं कुणाला धक्का लागला की चूक कुणाची ते नंतर, आधी ड्रायव्हरला ओढून मारायचं. खरं सांगू? वर्गातलं पोरगं अभ्यास करत नसलं की मीच म्हणतो त्याला, ड्रायव्हर होशील."

लाहूनं त्याच्याकडं बघितलं. 

"तू म्हणतोस असं?"

"म्हणतो."

"पोरं घाबरतात?"

उमेशनं मान खाली घातली. "घाबरतात."

लाहू मातीत बोटानं रेघ ओढत बसला. तानीला आठवलं, ह्याच मातीत लाहूनं उमेशला पहिलं अक्षर काढून दाखवलं होतं, गाडीच्या नंबरावरचं. लाहूला तेवढंच येत होतं. शिव्या दिल्या असत्या त्यानं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"मी सोडणार नाही," नविन म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मला दुसरं काही येत नाही असं नाही. कंपनीत जाता येईल, उंबरगावला पाड्यावरची निम्मी पोरं जातात. पण मला हे आवडतं. पहाटे गाडी घेऊन बाजारात शिरलो की माणसं वाट बघत असतात, हात वर करतात. आपल्या वाड्यांचा चिकू खाणाऱ्याला माझं नाव माहीत नसतं, नसू दे. मी नाही गेलो तर तो त्याच्यापर्यंत पोचत नाही, एवढं मला माहीत आहे. आये, तू शब्द द्यायला नको होता."

सुकऱ्यानं मडक्यावर फडकं परत बांधायला घेतलं. "मग झालं. उठ भिके."

भिकी उठली नाही, कारण निलम उठली नव्हती.

"मामा, गाठ मारू नको अजून," निलम म्हणाली. "ड्रायव्हर नको असं मी कधी म्हटलं?"

"तुझी आयस म्हणाली."

"आयस भीतीनं म्हणाली. मला कुणी विचारलंच नाही. इथं सगळेच दुसऱ्याचे शब्द देत फिरतात." तिनं तानीकडं बघितलं, रागानं नाही. मग नविनकडं वळली. "माझा बाप ड्रायव्हर होता, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. गेला गाडीवर."

"गाडीवर नाही गेला. लोकांना तेच वाटतं. तो नीट चालवत होता. डोळा जड झाला म्हणून शहाण्यासारखी गाडी थांबवली. थांबायला जागा नव्हती, तर कडेला घेतली, जेवढी जाईल तेवढी. खाली उतरून मागच्या गाड्यांना दिसावी म्हणून फांदी ठेवत होता. मागनं ट्रेलर आला. चालवत राहिला असता तर कदाचित वाचलाही असता. थांबला म्हणून मेला माझा बाप."

एक गाडी घोंगावत गेली. निलमनं ती जाईपर्यंत दम धरला.

"त्याच्याबरोबर आम्हीही असेच खायचो, तिकडं वरच्या अंगाला एक धाबा होता वडाखाली. तोही पाडला. मला केबिनचा वास आवडायचा, अगरबत्ती आणि डिझेल. ड्रायव्हरशी लगीन करायला मी भीत नाही. मला एकच सांग. अर्ध्या वाटेत डोळा लागला तर तू थांबशील कुठं?"

नविननं तोंड उघडलं. पुढं पेट्रोलपंप होता, पण तिथं जो डिझेल घेत नाही त्याला हाकलतात. त्याच्या पुढं पूल. पुलानंतर कठडा. तानीला त्याच्या डोळ्यांत सगळा रस्ता पळताना दिसला, आणि त्या सगळ्या रस्त्यावर त्याला एक जागा सापडेना. त्यानं तोंड मिटलं.

"बघितलंस," भिकी तानीला हलक्यानं म्हणाली.

"चिंच असती तर..." लाहू बोलला आणि थांबला.

तानीला कळलं की तिनं चुकीचा शब्द दिला होता. पोरीला नोकरी बदलून नको होती. पोरीला जागा हवी होती, आणि ती जागा तानीनं स्वतःच्या डोळ्यांनी बुजताना बघितली होती.

उमेश उठला. सगळ्यांना वाटलं चालला, भांडून चालला. तो कठड्यापलीकडं उतरला, निरगुडीची मोठी फांदी मोडली, इस्त्रीच्या शर्टाला पानांचा रस आणि धूळ लागली, आणि गाडीच्या मागं जाऊन पांढऱ्या पट्टीच्या बाहेर ती आडवी टाकली. मग दुसरी मोडली, आणखी मागं टाकली. तिसरी हातात धरून तिथंच उभा राहिला, येणाऱ्या गाड्यांना बाजूनं जा म्हणून हलवत.

"दादा, आत ये," नविन ओरडला. "मी उभा राहतो."

"तू बस. आज तुझं लगीन ठरतंय."

"ठरतंय का?" लाहूनं निलमला विचारलं.

"ह्यानं उत्तर दिलं की ठरलं."

"आणि तो काय चौकीदार बिकीदार?"

"त्या नोकरीला मी कमी लेखत नाही बाबा, पण माझ्या सासऱ्याच्या नाकाला झोंबेल ती," निलम म्हणाली. लाहू इतक्या वेळात पहिल्यांदा हसला. सासऱ्याच्या म्हणाली पोरगी, हे भिकीनंही ऐकलं होतं.

सुकऱ्यानं फडक्याची गाठ पुन्हा सोडली. द्रोण भरले. एक स्वतःपुढं, एक लाहूपुढं. पण हात कुणी लावला नाही.

तेवढ्यात पिवळा दिवा फिरवत हायवेवाल्यांची जीप आली. नारिंगी जाकिटातला एक जण उतरला. नवीन मिशी, नवीन बूट. आधी तो उमेशच्या फांदीवर खेकसला, मग आत आला आणि माणसं, भाकऱ्या, द्रोण बघून जरा गोंधळला.

"काय चाललंय? पाटी वाचली नाही का? गाडी काढा."

"जेवत होतो," लाहू म्हणाला.

"जेवायची जागा आहे ही? अपघात झाला की आमच्या नावानं बोंब. गाडी कुणाची? तू ड्रायव्हर? चल, काढ."

नविन उठायला लागला. सवयच ती. ड्रायव्हरला काढ म्हटलं की तो काढतो, ढकल म्हटलं की ढकलतो, आयुष्यभर पुढच्या जागेकडं सरकत राहतो. तानीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. मग ती स्वतः उठली, गाडीपाशी गेली आणि टायरखालच्या दगडाच्या उरलेल्या टोकावर बसली. दगड ओळखीचा होता. वर्षं झाली, ह्याच्यावर ती लाहूचे कपडे आपटत होती.

"मावशी, उठा."

"उठते. हा दगड मीच काढते, माझाच आहे. गाडीही जाईल, चिकू आहे आत, थांबून चालत नाही. पण आधी त्या पोरीला उत्तर दे. तिनं माझ्या पोराला विचारलं, त्याला देता आलं नाही. रात्रीचा डोळा लागला तर ह्यानं थांबायचं कुठं?"

"पुढं बघायचं कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे कुठं? नाव सांग जागेचं. तू रोज ह्या रस्त्यानं फिरतोस."

त्यानं रस्त्याकडं बघितलं. दोन्ही बाजूंनी बघितलं. नविनच्या डोळ्यांत मघाशी जे झालं होतं तेच त्याच्याही डोळ्यांत झालं. निलमनं ते बघितलं आणि पहिल्यांदा नविनच्या जरा जवळ सरकली.

"मला नाही माहीत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी कंत्राटी आहे मावशी. मला वरून सांगतात, उठव, मी उठवतो."

"मग वर विचार. फोन आहे ना?"

"आत्ता?"

"आत्ताच. आमची ताडी ओतलेली आहे."

त्यानं मागं जीपकडं बघितलं, उमेशकडं बघितलं. उमेश अजून फांदी हलवत उभा होता आणि येणाऱ्या गाड्या त्याला वळसा घालून जात होत्या. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

 द्रोणात फेस बसत चालला होता. लाहूचा हात द्रोणापाशी, सुकऱ्याचा हात द्रोणापाशी. भिकीनं डोळे उघडे ठेवले होते. तानी दगडावरून हलली नाही.

फोन लागलाय. वाजतोय तो, तुमच्याकडं, वर, जिथं कुठं तुम्ही बसता तिथं. उचला. चिंच तुम्ही तोडलीत, विहीर तुम्ही बुजवलीत, आता तुम्हीच सांगा. ह्या पोरानं थांबायचं कुठं?